उत्तर देणारा डोंगर

"राग उतरला की हाक मार. येईन वर," नवरा म्हणाला आणि धबधब्याच्या पायवाटेनं दरीत उतरू लागला.

"वाट बघ," बायको म्हणाली. "मी हाक मारायची नाही. तू यायचंस आणि माफी मागायचीस."

त्यानं मागे न बघता हात हलवला आणि झुडपांआड गेला.

लग्न मोडायचं की ठेवायचं, हे ठरवण्याआधी दोन दिवस कुठंतरी जाऊन या, ही कल्पना तिच्या बहिणीची. म्हणून हा आडबाजूचा मुलूख निवडला होता. तळं, धबधबा, जुन्या घड्याळांचं म्युझियम आणि हा उत्तर देणारा डोंगर. माहितीपत्रकात सगळंच 'अविस्मरणीय' होतं.

कालचा दिवस खरोखरच तसा गेला. तळ्यात होडीतून नवऱ्यानं स्वतःला पाण्यात झोकून दिलं आणि 'बुडालो, बुडालो' म्हणून हातपाय मारले. नावाड्यानं कपड्यांनिशी उडी घेतली. ती रडून अर्धी झाली. तेव्हा हा बेटा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दात काढत होता. "अगं, गंमत!"

इतक्या वर्षांत त्यानं अशा खूप गमती केल्या होत्या. 'चुकलं' मात्र एकदाही म्हटलं नव्हतं. आज म्हणाला तर ती राहणार होती. नाहीतर दुपारच्या बसनं एकटी परत, आणि मग वकील.

कठड्यापाशी चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईनं तिला स्टूल पुढे केलं. कठड्याला एक जाडजूड काका आणि काकू रेलून उभे होते. काकांनी समोरच्या डोंगराकडे तोंड करून स्वतःचं नाव ठणकावलं. डोंगर गप्प. पुन्हा ठणकावलं. तरी गप्प.

"झोपलाय वाटतं," काका म्हणाले.

टपरीवाली ओशाळली. "वारा उलटा आहे काका. चहा होईस्तोवर दम धरा." ती दरीत डोकावली, मग रस्त्याकडे बघत चहा ढवळू लागली.

चहा झाला, पिऊनही झाला. काकांना काही राहवेना. त्यांनी दोन्ही हात वर केले. "वाचवा! बायको मारते!"

दरीतून आवाज आला. "वाचवा!"

"बघा! म्हटलं नव्हतं?" टपरीवालीचा चेहरा खुलला.

"'बायको मारते' तेवढं गाळलंन," काका म्हणाले. "डोंगर शहाणा आहे. भांडणात पडत नाही."

मग काकू ओरडल्या, "आई!"

"आई गं!"

"अय्या, 'गं' मी म्हटलंच नव्हतं. आणि माझा आवाज असा पुरुषी?"

"दरीत गेला की सगळ्यांचाच जाड होतो," टपरीवालीनं सराईतपणे सांगितलं.

"तुझ्या माहेरचा दिसतोय," काका म्हणाले. "एक शब्द टाकला की दोन परत करतो."

कालपासून पहिल्यांदाच बायकोला हसू आलं.

"तुम्हीही ओरडा की," काकू तिला म्हणाल्या. "मन मोकळं होतं."

ती नको नको म्हणत उठली. डोंगराला हाक मारली म्हणजे काही नवऱ्याला मारली असं होत नाही. खाली त्याला ऐकू गेली आणि तो आला, तर तो त्याचा प्रश्न. तिनं कठडा घट्ट धरला.

"ये ना!"

"ये ना!" दरी म्हणाली. जरा थांबून पुन्हा, "ये ना!"

"किती काकुळतीनं बोलावतोय," काकू म्हणाल्या. "अगदी माणसासारखा."

बायको पायवाटेकडे बघत राहिली. हाक मारली की येईन म्हणाला होता. तिनं मान खाली घालून, लाज सोडून मारली होती. डोंगराला पाझर फुटला, याला नाही. तिला स्वतःचीच चीड आली आणि मग एकदम हलकं वाटलं. संपलं ते संपलं.

काकांनी आणखी दोनचार वेळा 'वाचवा' केलं. उत्तर क्षीण होत गेलं आणि शेवटी येईनासं झालं.

"दमला बिचारा," काका म्हणाले. हसत हसत दोघं गाडीत बसून निघून गेले.

बायकोनं बॅग खांद्याला लावली. "दुपारची बस कुठं थांबते हो?"

"त्या वळणावर, ताई. मिस्टरांसाठी थांबत नाही?"

"पुष्कळ थांबले."

तेवढ्यात रस्त्यावरून एक माणूस मोटारसायकल ढकलत आला. घामानं निथळत होता. बायकोकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"वहिनी, रागावू नका. गावातून निघालो आणि चाक पंक्चर झालं."

टपरीवालीच्या हातातला पेला तसाच राहिला. "तू आत्ता येतोयस?"

"मग काय तर! रस्त्यासाठी फोडल्यापासून डोंगर मुका झालाय, त्याच्या बदली दरीत बसून ओरडायला मी लागतो, कळतं मला. हा निघालोच बघा खाली. सकाळपासून लोकांना उत्तर मिळालं नाही, एवढंच ना?"