माहेरचं आळू

बापूसोंनी परत तोंड मिटून घेतलं. राजमतीनं चमचा वाटीत आपटला. अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय, तरी नवऱ्याची मिजास बघा. मघाशी पेज मुकाट्यानं प्याला. आळूचा गर ओठाला लावला की दातखीळ बसतीय.

हे आळू म्हणजे वड्यांच्या पानांचं नव्हे. हे काटेरी झाडाचं, लिंबाएवढं फळ. हिरवं काढायचं, पिंजरात, म्हणजे भाताच्या वाळक्या काडात, झाकून ठेवायचं, तपकिरी होऊन मऊ पडलं की खायचं. राजमतीनं त्याचं रोप पन्हाळ्याखालच्या माहेराहून आणलं, लग्नाच्याच वर्षी. इकडं वडगावच्या बाजूला ते कुणाला ठाऊक नव्हतं. बापूसोंनी त्या एका झाडाची बांधावर अकरा केली. मागेल त्या पावण्याला रोप दिलं. खाल्लं मात्र नाही. चाळीस वर्षांत एकसुद्धा नाही. माझ्या माहेरचं ह्यांच्या घशाखाली उतरत नाही, हे राजमतीनं सासूला सांगितलं, सुनेला सांगितलं, व्याह्यांसमोर बापूसोंच्या तोंडावर सांगितलं. बापूसो हसायचे आणि पिंजरातलं सगळ्यात पिकलेलं फळ तिच्या हातावर ठेवायचे.

तिनं चमचा पुन्हा भरला. भेटायला आलेल्या थोरल्या नणंदेनं, बनाबाईनं, तिचा हात धरला.

"नगं गं. त्याचा नियम मोडंल."

कसला नियम, ते मग बनाबाईला सांगावंच लागलं. पहिला मुलगा सन्मती चार वर्षांचा होता, तापानं फणफणला होता. झाडाला त्या साली पहिल्यांदाच फळ धरलेलं. बापूसो चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं जाऊन बसला. पोर जगावं म्हणून, सहा वर्षं वाट बघितलेलं आणि अजून चाखलंही नसलेलं ते फळ जन्मभरासाठी सोडायचा नियम घेऊन आला. पाचव्या दिवशी पोर गेलं. आता कशाला पाळतोस, खा की, असं बनाबाईच म्हणाली होती. घेतला तो घेतला, म्हणाला. राजमतीला सांगू नको, ती बी सोडंल. तिला माहेरचं तेवढंच हाय.

पोर गेलं तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. हेही राजमतीनं सगळ्यांना सांगितलं होतं.

तिनं वाटी खाली ठेवली. पदराचं टोक ओलं केलं आणि बापूसोंच्या ओठाला लागलेला गर पुसून काढला. कोपऱ्यातला राहिला होता, तोही काढला. ते तिच्याकडं बघत होते.

"चुकलासा तुमी," ती म्हणाली. "पोर माझं बी हुतं."