मावशींचा नंबर

लाँड्रीतल्या बायकांच्या भिशीत या महिन्याचा नंबर इस्त्रीवाल्या मावशींचा लागला. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं जग वाफेतून पाहिल्यासारखं दिसे. आता ऑपरेशन होणार होतं. त्याच दुपारी कपडे धुणाऱ्या पोरीला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं, सिझेरियनशिवाय गत्यंतर नव्हतं आणि हॉस्पिटल आधी पैसे मागत होतं. मावशींनी भिशीचं पाकीट तिच्या नवऱ्याच्या हातात कोंबलं. “पण मावशी, तुमचे डोळे?” “ते कुठे पळून जातात? तिचा नंबर शेवटचा आहे ना, तो मी घेईन. पळ तू!” दुसऱ्या दिवशी वॉर्डात कोवळं ऊन आलं होतं. मावशींना चादरी, पडदे, माणसं सगळं ढगात तरंगताना दिसलं. पोरीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी त्याच्या चेहऱ्यावरून हळूच बोटं फिरवली. “नाक तुझंच गं,” त्या म्हणाल्या. “बाकीचं तुझ्या नंबराला बघेन.”