परसावर डोळा

कुठेतरी पाणी मुरतंय, हे भागीरथीकाकूंनी आषाढातच ताडलं होतं. शेजारचा नवा भाडेकरू शिरोडकर पाऊस म्हणू नका, थंडी म्हणू नका, त्यांच्या परसाकडे कॅमेरा रोखून बसायचा. जागेवर डोळा असणार मेल्याचा!

चैत्रात त्या कुंपणाशी जाऊन कडाडल्या, "आमच्या परसाचे कसले फोटो काढता हो?"

त्याने कॅमेराच पुढे केला. पावसातलं मुंगूस, थंडीतला हळद्या, आणि कालचा, काकूंच्याच आंब्याच्या ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला फळ भरवणारा धनेश पक्षी. काकू बघतच राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी एक मोटारसायकलवाला आला. "धनेशाचं घरटं इथेच आहे म्हणे, काकू?" त्याच्या पाठीला पोतं होतं, कॅमेरा नव्हता.

"इथे कावळासुद्धा फिरकत नाही!" काकू कुंपणाकडे वळल्या. "अहो शिरोडकर, ह्याचा फोटो काढा आधी!"