पन्हळ

दिव्यानी टाक्यात उतरली आणि मनकर्णानं वरून पत्र्याचं झाकण ओढून घेतलं. पाणी पोरीच्या छातीपर्यंत होतं. "हूं की चूं करू नको," एवढंच तिनं लेकीला बजावलं. गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणं तोवर अंगणापाशी येऊन ठेपलं होतं.

पळायला वाट नव्हती. सिरोंच्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या दोन फाट्यांमधलं हे बेट. आषाढापासून दसऱ्यापर्यंत चहूकडे पाणी, आणि त्यातलं घोटभरही पिण्याजोगं नाही. पुराचं पाणी नुसता चिखल, हापशीचं तांबडं. विजेचे खांब एका निवडणुकीत आले होते, तारा पुढच्या निवडणुकीत येतील म्हणून लोक हसत. प्यायला काय ते पावसाचं पाणी. घरोघरी ओसरीला लागून सिमेंटच्या कड्या रचून केलेलं टाकं, आणि छपराच्या कवेलूंवरून त्यात पाणी आणणारी बांबूची पन्हळ. मनकर्णाचा नवरा मुखरू मीठमिरची आणायला सिरोंच्याला गेला तो तिकडेच अडकला. त्याच्यासाठी पुरात डोंगा घालायला कुणी तयार नव्हतं. बंदूकवाल्यांना मात्र नावाडी कधीही मिळतो.

ते आत आले. घरटी एक जवान पोर ते नेत होते. मुलगा की मुलगी, त्यांना काहीही चालायचं. नेलेलं पोर परत आलेलं अजून कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या यंदाच्या नव्या म्होरक्यानं धानाची कोठी उघडली. माळ्यावर काठी फिरवली. टाक्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पिण्याच्या पाण्यात इथं कुणी बोटसुद्धा बुडवत नाही, तिथं माणूस असेल असं कुणाच्या मनात येणार? मनकर्णानं हाच विचार करून लेकीला तिथं उतरवलं होतं.

"पोरगी कुठी हाये?"

"मामाकडं गेली, गोंडपिपरीले."

"मंग तू काऊन थरथरून राह्यली?"

"ताप हाये, भाऊ."

तो काहीतरी बोलणार तेवढ्यात पाऊस आला. श्रावणातला पाऊस, तो काय सांगून येतो? ते सगळे ओसरीवर दाटीवाटीनं बसले. पन्हळ वाहू लागली आणि टाक्यात धार पडू लागली.

टाकं किती भरलं हे मनकर्णा चुलीपाशी बसून नुसत्या आवाजावरून सांगायची. आज तिला ते कळायला नको होतं. आधी धारेचा आवाज खोल होता, पोकळ होता. मग तो भरत चालला. आता पाणी खांद्याला लागलं. आता गळ्याला. दिव्यानीनं झाकण ढकललं तर ती यांच्या हाती लागणार, आणि नाही ढकललं तर बुडणार. ती उठली आणि तिनं पन्हळीला हात घातला.

अख्ख्या गावात बाया गुंड्या, गंज, बादल्या घेऊन छपराखाली धावत होत्या. पाणी वळवायला निघालेली ती एकटीच.

"पाणी काऊन सोडून राह्यली?" म्होरक्या उभा राहिला. "या बेटावर तं थेंब बी कोणी सोडत नाई."

मनकर्णानं पन्हळीवरचा हात काढला नाही.

ओसरीच्या कोपऱ्यात त्यांच्यातलीच एक मुलगी बसली होती. दिव्यानीपेक्षा थोडी मोठी असेल, खांद्याला बंदूक. आल्यापासून ती मनकर्णाच्या चेहऱ्याकडंच बघत होती. मनकर्णाला सगळ्यांत जास्त भीती तिचीच वाटत होती. ती मुलगी उठली, पावसात उतरली आणि मान वर करून तिनं छपराकडं पाहिलं.

"दादा, कवेलूवर माकडाची घाण पडली हाये. हेच पाणी आपल्याले प्याचं हाये न?"

उत्तराची वाट न बघता तिनं पन्हळ उचलली आणि तिचं तोंड अंगणाकडं फिरवलं. म्होरक्या नाक मुरडून खाली बसला. टाक्यातला आवाज थांबला. आत पाणी एकदा हलकेच हललं. मनकर्णाला ते ऐकू आलं. लेक उभी होती.

त्यांनी भात मागितला. तिनं चूल पेटवली. हात कामात, जीव टाक्यात. मनातल्या मनात ती माकडांचे उपकार मानत होती. तांदूळ वैरताना तिनं दारातून बाहेर पाहिलं. म्होरक्याची पाठ होती. ती बंदूकवाली मुलगी पन्हळीपाशीच उभी होती आणि घाण म्हणून वळवलेल्या त्याच धारेला ओंजळ लावून घटाघटा पाणी पीत होती.

मनकर्णाला उमगलं, घाणबिण काही नव्हतीच. हिला सगळं ठाऊक आहे. मग बोलत का नाही? जेवण होईपर्यंत थांबली असेल, जाता जाता झाकण उघडून दाखवेल.

भात संपला. पाऊस ओसरला. नावाड्यानं खालून हाक दिली तसे ते एकामागून एक उठून चालू लागले. मुलगी सगळ्यांच्या मागं होती. टाक्यापाशी येऊन ती थांबली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. मनकर्णानं तिच्यापुढं हात जोडले.

मुलीनं मान वर केली नाही.

"पुढच्या येळी दुसरी जागा पाह्यजो, मावशी," ती हळूच म्हणाली. "मले टाक्यातूनच काढून नेलं होतं."