वरच्या मजल्याचा राउटर

सकाळचं ऊन आधी समोरच्या पाण्याच्या टाकीवर उतरलं, तिथून गॅलरीच्या कठड्यावर आलं आणि मग कसलीच घाई नसल्यासारखं खिडकीच्या गजांतून आत शिरलं. फरशीवर त्याचे पट्टे पडले. सरकत सरकत ते टेबलाच्या पायाशी आले, टेबलावर चढले आणि राउटरच्या हिरव्या दिव्यांवर थांबले. एवढ्या उजेडात दिवे लागलेले आहेत की विझलेले, तेच कळेना. तनयने तळहाताची सावली धरून पाहिलं. लागलेले होते.

तरीही मेसेंजरवर यशश्रीच्या नावापुढचा ठिपका करडाच होता.

"लग्नाच्या तारखेचं विचारलंस का तिला?" मालिनीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "कार्यालयवाले आज शेवटचं थांबतायत. वैशाखातली ती एकच तारीख उरलीय त्यांच्याकडे."

"नेट लागलं की विचारतो, आई."

"मग फोन कर की."

"सिंगापूरला गेल्यापासून तिचा इथला नंबर बंद आहे. कितीदा सांगू?"

साखरपुडा दिवाळीत झाला होता. जानेवारीत यशश्री कंपनीच्या कामाला तिकडे गेली. सुरुवातीला रोज मेसेंजरवर बोलणं होई; जे तोंडाने कधीच जमलं नसतं, ते तनय टाइप करी. मग वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या भावाने, ललितने, स्वतःचा राउटर आणला, जिन्यातून वायर सोडून तो खालच्या राउटरला जोडला, आणि त्याच आठवड्यात ती दिसेनाशी झाली. दोष कुठे आहे हे समजायला आणखी काय हवं होतं?

तो जिन्याशी जाऊन ओरडला, "दादा! तुझं ते खोकं आधी बंद कर!"

ललित गालाला फेस तसाच ठेवून खाली आला. "रविवार आहे रे बाबा. माणसाला अर्धी दाढी तरी करू दे."

त्याने खुर्ची ओढली आणि बराच वेळ तनयच्या संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिला. मग हसला. "दोन्ही राउटर पत्ते वाटत सुटलेत. एका गल्लीत दोन पोस्टमन. आणि दोघांचा स्वतःचा पत्ताही कारखान्यातून एकच आलाय. वरच्याची समजून तू रोज स्वतःचीच सेटिंग बिघडवत होतास."

त्याने वरच्या राउटरचा पत्ता बदलला, त्याचं वाटप बंद केलं आणि दोन्ही पुन्हा चालू केले. बातम्यांचं पान झटकन उघडलं.

ठिपका करडाच राहिला.

"बघ! सगळं नेट तुम्हीच वर ओढून घेता."

ललितची बायको साधना जिन्यात येऊन उभी होती. "भावोजी, ते नेटचं नसेलही कदाचित..."

"वहिनी, तुम्हाला यातलं काही कळत नाही!" तनयचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला, पण तो थांबला नाही. "माझं लग्नच नकोय तुम्हाला. झालं तर वरची एक खोली सोडावी लागेल ना!"

साधनाने मान खाली घातली. ललितने गालावरचा वाळलेला फेस पुसला.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," तो शांतपणे म्हणाला. "दोष आपोआप सापडतो. चल वर."

"राहू द्या ना," साधना म्हणाली. "नंतर बघा." पण तनय तिच्या बाजूने दोन-दोन पायऱ्या चढून गेलाही होता.

वरच्या संगणकावर साधनाचा मेसेंजर उघडाच होता. तिच्या यादीत यशश्रीचं नाव होतं. त्यापुढे हिरवा ठिपका होता.

"पाहिलंस?" तनय जवळजवळ आनंदाने ओरडला. "वर कसं सुरळीत चाललंय! मी काय सांगत होतो?"

"मग इथूनच बोल," ललित म्हणाला. "तुझ्या नावाने उघड."

तनयने साधनाचं नाव काढून आपलं टाकलं. यादी आली. करडा ठिपका.

मागोमाग वर आलेल्या साधनाला त्याने पुन्हा तिचं नाव टाइप करायला लावलं. हिरवा.

पुन्हा आपलं नाव. करडा.

वायर तीच होती, राउटर तोच, संगणकही तोच. ललित खिडकीबाहेर पाहत होता.

"अरे, लागलं का नेट?" खालून मालिनीबाईंची हाक आली. "कार्यालयवाल्यांना काय कळवू?"

नेट लागलेलंच होतं. यशश्रीने त्याला ब्लॉक केलं होतं.