बाभळीचे निखारे

नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या देवमननं मेलेला बैल ओढायला नकार दिला. पाटलानं काठीनं त्याचे दोन्ही हात मोडले, अन् त्या बैलाचं तंगडं त्याच्या दारात फेकलं.

"धरम बदलवला काय रे? आता माह्यासमोर भाजून खाय!"

देवमनची माय सुंदराबाई सरपणाकडे वळली. कडूनिंबाचा धूर कडू, तो बाजूला टाकला. पळस नुसताच धुमसतो, तोही टाकला. जाड बाभूळ निवडून तिनं फोडली, पेटवली. पाटील अंगणातल्या दगडावर ऐसपैस बसून बघत होता.

"म्हातारी जुनं इसरली नाई," तो हसला. "झाले काय निखारे?"

"झाले, पाटील."

तिनं घमेलं भरलं आणि त्याच्या मांडीत ओतलं.

तंगड्याला ती शिवलीसुद्धा नव्हती.