स्ट्रॉबेरीचा मास्क

माझ्या घाटकोपरच्या दवाखान्यात सात वर्षांच्या प्रबुद्धची दाढ काढायची होती. तो घाबरू नये म्हणून मी हलकी गुंगी आणणाऱ्या गॅसचा मास्क त्याच्या नाकावर बसवला, मुद्दाम स्ट्रॉबेरीच्या वासाचा. गॅस नाकातूनच जायला हवा आणि हा पठ्ठ्या तोंडाने श्वास घेत राहिला. श्वासासोबत फुगायला हवी ती मशीनची पिशवी ढिम्म हलेना.

“नाकाने घे ना रे बाळा!” चार वेळा सांगून झालं. शेवटी मी त्याच्या आईवरच वैतागले. “अहो, तुम्ही तरी सांगा ना त्याला!”

तिने मान खाली घातली.

 

“कुठल्या तोंडाने सांगू, मॅडम? देवनारला कचऱ्याच्या डोंगराला लागून घर आहे आमचं. नाकाने श्वास घ्यायचा नाही, हे मीच शिकवलंय त्याला.”